अठरा पॉइंट सदतीस

ब्युरेटच्या, म्हणजे द्रावण मोजून सोडायच्या नळीच्या, काचेवर एका दशांशापर्यंतच रेघा असतात. अठरा पॉइंट तीनची रेघ असते, अठरा पॉइंट चारची असते, मध्ये कोरी काच. द्रावणाची पातळी त्या कोऱ्या जागेत थांबली, तर दुसऱ्या दशांशाचा आकडा बघणाऱ्याने डोळ्याने ठरवायचा असतो. तो छापलेला नसल्यामुळे बहुतेक जण तिथे शून्य लिहितात, थोडे पाच लिहितात. प्राध्यापकबाईंच्या समोर उघड्या पडलेल्या जर्नलमध्ये सात लिहिलेला होता. १८.३७.

खाली त्याच अक्षरात पुढे लिहिलं होतं: "अपेक्षेपेक्षा कमी आलं. ब्युरेट धुतली. पुन्हा १८.४२. पिपेट बदलली. पुन्हा १८.३९. कारण माहीत नाही." आणि त्याखाली लाल शाईत शिक्षिकेचा शेरा: "माहीत नाही हे नीट लिहिलंस. पूर्ण गुण. आता कारण शोध."

रविवारची दुपार होती. जेवणाच्या टेबलावर जर्नलचे दोन गठ्ठे होते, प्रत्येकी वीस. पलीकडे नवरा चष्मा कपाळावर चढवून शब्दकोडं सोडवत होता.

"अगं, परीक्षा तर झाल्या ना? मग हे काय घरी आणलंस?"

"परीक्षेचं नाही हो. पुरस्काराचं."

"अजून तो घोळ मिटलाच नाही?"

घोळ मिटला नव्हता. विद्यापीठाच्या उत्कृष्ट अध्यापन पुरस्काराच्या समितीत तिघं होती. अध्यक्ष म्हणून रसायनाच्या या प्राध्यापकबाई, भाषा विभागाचे प्रमुख आणि कुलसचिव. शेवटच्या यादीत दोनच नावं उरली होती आणि दोन्ही रसायनाचीच. कुलसचिवांचं मत एकाला, भाषेच्या प्रमुखांचं दुसऱ्याला. म्हणजे निकाल बाईंच्या हातात. पहिल्या बैठकीत त्या म्हणाल्या, थोडा विचार करू. दुसऱ्या बैठकीत म्हणाल्या, कागद नीट वाचून येते. तिसऱ्या बैठकीत काही सुचेना, म्हणून त्यांनी दोन्ही उमेदवारांच्या वर्गांची प्रात्यक्षिकाची जर्नल मागवली. कुलसचिवांनी ती देताना जरा तोंड वाकडं केलं होतं.

पहिला उमेदवार त्यांचाच विद्यार्थी. त्यांच्या हाताखाली संशोधन केलेला, घरी येणंजाणं असलेला, आणि अर्ज भर असं त्यांनीच मागे लागून सांगितलेला. त्याचं व्याख्यान संपलं की मुलं टाळ्या वाजवत, म्हणून त्याला सगळे टाळीवाले सर म्हणत. तो खरोखरच सुंदर शिकवायचा. बाईंनी मागच्या बाकावर बसून दोनदा ऐकलं होतं आणि दोन्ही वेळा घड्याळाकडे बघायचं विसरल्या होत्या. विद्यार्थ्यांच्या अभिप्रायात त्याला पाचपैकी चार पॉइंट आठ.

दुसरी उमेदवार पहिल्या वर्षाची प्रात्यक्षिकं घेणारी कंत्राटी शिक्षिका. अकरा वर्षं दर वर्षी नव्या कागदावर सही करून शिकवत होती. काहीही दाखवायला नेलं की ती एवढंच विचारायची, "कारण?" म्हणून तिचं नाव कारणबाई पडलं होतं. अभिप्रायात तीन पॉइंट एक. मुलांनी लिहिलं होतं: उत्तर सांगत नाहीत. चूक झाली तर आधी चूक शोधायला लावतात. डबा खायला वेळ मिळत नाही. यंदा मात्र तिच्या कंत्राटाचं नूतनीकरण होणार नव्हतं. पुढच्या सत्रापासून ती प्रात्यक्षिकं विभागातले इतर लोक वाटून घेणार होते. पुरस्काराच्या नियमावलीत एक कलम होतं की कंत्राटी शिक्षकाला हा पुरस्कार मिळाला तर त्याची नेमणूक कायम होते. आजवर ते कलम कधी वापरायची वेळ आली नव्हती. महिनाअखेरीला तिचा शेवटचा दिवस होता, आणि निकाल त्याआधी लागायला हवा होता.

बाईंनी टाळीवाल्या सरांच्या गठ्ठ्यातलं पहिलं जर्नल उघडलं. तोच प्रयोग. १९.६०, १९.६०, १९.६०. दुसरं उघडलं. तेच. तिसरं उघडलं.

"काय गं, एकदम गप्प झालीस?"

"तीन वेळा मोजलं आणि तिन्ही वेळा एकच आकडा आला, तर तुम्ही काय म्हणाल?"

नवऱ्याने सगळी नोकरी रस्त्यांच्या मोजणीत काढली होती. त्याने पेन्सिल खाली ठेवली. "आमच्या साहेबांना दोन खांबांमधलं अंतर दोनदा मोजून तंतोतंत सारखं आणून दिलं ना, की ते विचारायचे, दुसऱ्यांदा गेला होतास का? की झाडाखाली बसून लिहिलंस?"

"मग?"

"मग काय! झाडाखाली बसूनच लिहिलेलं असायचं. उन्हात कोण दोनदा जातं!" तो हसला. "फरक आला की समजायचं, माणूस गेला होता."

बाईंनी कागद घेतला, शून्यापासून नऊपर्यंत दहा रकाने आखले आणि फक्त शेवटचे आकडे मोजत बसल्या. प्रत्येक गठ्ठ्यात साठ रीडिंग होती. कारणबाईंच्या गठ्ठ्यात दहाही रकाने भरले. कुठे चार, कुठे नऊ. टाळीवाल्या सरांच्या गठ्ठ्यात सत्तावन्न शून्य निघाले आणि तीन पाच. बाकीचे आठ रकाने रिकामे.

त्यांना फार आश्चर्य वाटलं नाही. मुलं जुळवाजुळव करतात, हे विभागात कोणाला ठाऊक नव्हतं? वरच्या वर्गातल्यांची जुनी जर्नल हातोहात फिरतात. पण एक गोष्ट त्यांना खटकली. दोन्ही वर्ग एकाच आठवड्यातले, द्रावण एकाच कॅनमधलं. सोमवारी वीस मुलांना १९.६ आणि मंगळवारी वीस मुलांना १८.४ च्या आसपास. दोन्ही बरोबर असूच शकत नव्हतं.

"दुसऱ्या बाईची सगळी चुकली असतील," नवरा कोड्यातून मान वर न काढता म्हणाला.

"वीसच्या वीस? आणि सगळी एकाच बाजूला?"

"मग बाटलीतच काहीतरी असेल."

सोमवारी सकाळी बाई द्रावणं तयार करण्याच्या खोलीत गेल्या. तिथल्या लॅब असिस्टंटला सगळे काका म्हणत. बाई नोकरीला लागल्या त्याच वर्षी तेही लागले होते. खोलीच्या भिंतीवर त्यांनी स्वतःच्या हाताने कृती लिहून ठेवल्या होत्या, आणि गेल्या कित्येक वर्षांत त्यांतला एक आकडा बदललेला नव्हता.

"काका, मागच्या महिन्यात पहिल्या वर्षाला जे आम्ल दिलं, ते नेहमीसारखंच होतं का?"

काका फडक्याने आधीच कोरडी असलेली बाटली पुसत राहिले. मग म्हणाले, "कारणबाईंनी सांगितलं का तुम्हाला?"

"कोणी काही सांगितलेलं नाही."

"मग तुम्ही लिहून घेणार नसाल तर सांगतो."

"सांगा."

"दहा लिटरचा कॅन. मी पाणी मगानं घालतो, शेवटचं तेवढं मापानं. त्या दिवशी मधेच घरनं फोन आला. नात पडली होती शाळेत. बोलता बोलता एक मग मोजायचा राहिला. एक जास्त पडला असणार." त्यांनी बाटली ठेवली. "सोमवारचा वर्ग झाला, कोणी काही बोललं नाही. मला वाटलं, सुटलो. मंगळवारी अकराच्या सुमाराला बघतो तर दाराबाहेर ही रांग! पोरं म्हणतात, काका, तुमच्या कॅनमध्ये पाणी जास्त आहे, म्हणून रीडिंग कमी येतात. मी कानांवर हात ठेवले. म्हटलं, तीस वर्षं बनवतोय. तर कारणबाई मागून आल्या आणि मुलांनाच ओरडल्या. काकांना कशाला विचारता? तुम्ही सिद्ध करा."

"मग?"

"मग पोरांनी ताजं द्रावण स्वतः बनवलं, दोन्ही ताडून बघितली, गणित केलं. दोघी मुली परत आल्या. म्हणाल्या, काका, दहा लिटरमागं साडेसहाशे मिली पाणी जास्त पडलंय. बाई, मी त्या गेल्यावर माझा मग मापून बघितला." काकांनी कोपऱ्यातला निळा प्लास्टिकचा मग उचलून दाखवला. "काठोकाठ साडेसहाशे. तीस वर्षांत मलाच माहीत नव्हतं."

बाईंनी मग हातात घेऊन पाहिला. त्याच्या काठाला एक बारीक चीर होती.

"कॅन ओतून दिला नाहीत?"

"देत होतो की. कारणबाईंनी देऊ दिला नाही. म्हणाल्या, एवढा चांगला चुकलेला कॅन परत कधी मिळणार? आठवडाभर वापरला."

टाळीवाले सर दुपारी स्वतःच बाईंच्या खोलीत आले. दार अर्धं उघडून त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "मॅडम, येऊ? की बुधवारच्या बैठकीपर्यंत तुमच्यासमोर यायलाच बंदी आहे?"

"ये. बस. एक विचारायचं होतं. आम्लाच्या प्रयोगाला तुझ्या वर्गाची रीडिंग किती आली?"

"एकोणीस पॉइंट सहा. दरवर्षी तेवढीच येतात की."

"त्या दिवशी कॅनमध्ये मगभर पाणी जास्त होतं. अठरा पॉइंट चार यायला हवी होती."

ते मोठ्याने हसले, आणि ते हसू अर्ध्यावरच थांबलं.

"वीसच्या वीस?"

"वीसच्या वीस."

"कमाल आहे कार्ट्यांची." त्यांनी खिडकीकडे पाहिलं. "मॅडम, तुमच्याशी खोटं नाही बोलणार. मुलं जुळवतात, ते मला कळतं. पण तीन तास, वीस मुलं, चार ब्युरेट गळक्या. मी तेवढ्या वेळात त्यांना त्यामागचं रसायन समजावून सांगतो. ते तरी डोक्यात राहतं. आणि खरं सांगू? आम्हीही जुळवायचो. तुमच्या वर्गात."

"माझ्या वर्गात?"

"तुमच्याच पुस्तिकेत होतं ना, तिन्ही रीडिंग सारखी आल्याशिवाय लिहू नयेत. सारखी आली तर पाच गुण. मग आम्ही काय, सारखी आणायचो!" त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. एखादी जुनी गंमत सांगावी तसं ते बोलत होते. "तुम्हाला माहीत असणार, असंच आम्हाला वाटायचं."

ते गेल्यावर बाईंनी कपाटातून प्रात्यक्षिकाची पुस्तिका काढली. सव्वीस वर्षांपूर्वी त्यांनी ती लिहिली होती. नवव्या पानावर वाक्य होतं. त्यांना म्हणायचं होतं ते असं, की हात बसेपर्यंत प्रयोग पुन्हा पुन्हा करा. पण वाचणाऱ्याने काय वाचलं असेल, ते आज त्यांना पहिल्यांदा दिसलं. सारखी नसतील ती लिहू नका. आणि पुढे कंसात, ठळक अक्षरात, गुण पाच.

मग त्यांना आणखी एक कागद आठवला. तो आठवू नये अशी त्यांची बरीच इच्छा होती, पण त्यांची स्मरणशक्ती चांगली होती. टेबलाचा खालचा खण त्यांनी ओढला. पत्र आठ वर्षांपूर्वीचं होतं, चार ओळींचं. "पान नऊवरच्या वाक्यामुळे विद्यार्थी खरी रीडिंग लपवतात असं माझ्या लक्षात आलं आहे. वाक्य बदलावं, ही विनंती. तोवर मी माझ्या वर्गापुरतं ते पेन्सिलने खोडून घेते आहे. आपली हरकत असल्यास कळवावं." खाली कारणबाईंची सही. कोपऱ्यात बाईंच्याच हाताने लिहिलेलं: पुढील आवृत्तीच्या वेळी पाहू.

त्यानंतर दोन आवृत्त्या निघाल्या होत्या.

मंगळवारी संध्याकाळी त्या तिसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत गेल्या. वर्ग सुटला होता. कारणबाई एकट्याच ओट्याशी उभ्या राहून ब्युरेट उलट्या करून स्टँडला लावत होत्या. बाईंना पाहून त्यांनी हात पुसले.

"मॅडम, तुम्ही इकडे? काही हवं होतं का?"

"नाही, सहज."

सहज कोणी तिसऱ्या मजल्यावर येत नसे. लिफ्ट दुसऱ्यापर्यंतच होती. पण कारणबाईंनी त्याचं कारण विचारलं नाही. ओट्याखालच्या प्रत्येक खणावर नवी चिठ्ठी चिकटवलेली होती, सुवाच्य अक्षरात. पिपेट, बरोबर. पिपेट, टोक तुटकी, फक्त दाखवायला. चिमटे.

"या चिठ्ठ्या कशाला?"

"पुढे जे कोणी घेतील, त्यांना शोधायला लागू नये म्हणून. गळणाऱ्या ब्युरेटच्या नळांना लाल दोरा बांधलाय. तेवढं त्यांना सांगाल का? नाहीतर बिचारी मुलं आपलाच हात चुकतोय असं समजतात." त्या जरा थांबल्या. "आणि तो कॅन मी जपून ठेवलाय. दीडेक लिटर उरलंय. वर तारीख घातली आहे."

"तुम्ही हा चुकीचा कॅन विभागाला कळवला का नाही?"

"काकांनी नको म्हटलं. त्यांच्या नोकरीची दोन वर्षं राहिलीत." मग कारणबाईंनी पहिल्यांदाच बाईंकडे सरळ पाहिलं. "आणि मॅडम, आधी एकदा एक गोष्ट कळवून पाहिली होती."

पत्राबद्दल आत्ता इथे काही बोलणं सोपं झालं असतं. दोघींच्यात मिटलं असतं आणि कुठेच नोंद राहिली नसती. बाईंनी एका ब्युरेटचा लाल दोरा घट्ट आहे का ते उगीचच तपासलं आणि जिना उतरल्या.

बुधवारी समितीची चौथी बैठक होती. खोलीत लांब टेबल, सहा खुर्च्या आणि न चालणारं एक भिंतीवरचं घड्याळ. कुलसचिवांनी इतिवृत्ताची वही उघडून पेनाचं टोपण काढून ठेवलं.

"आज तरी निकाल लागू दे मॅडम. या खोलीतली बिस्किटंसुद्धा आता मला नावानं ओळखायला लागली आहेत."

"तुम्हीच खाता सगळी, म्हणून," भाषेचे प्रमुख म्हणाले.

"तर माझं मत तेच. चार पॉइंट आठ विरुद्ध तीन पॉइंट एक. आकडे बोलतात. आपण कशाला बोलायचं?"

"आणि माझंही तेच. मी त्या बाईंच्या वर्गात तासभर बसलोय. मला रसायनातलं ओ की ठो कळत नाही, पण बाहेर पडताना एक मुलगी जिन्यावर दुसरीला सांगत होती, मला चूक सापडली. जणू काही लॉटरीच लागली होती तिला. माझ्या तीस वर्षांत माझ्या एका विद्यार्थ्याने ते वाक्य उच्चारलेलं नाही."

"ते वाक्य तुम्ही अर्जाच्या कोणत्या रकान्यात भरणार?" कुलसचिव म्हणाले.

मग दोघांनी अध्यक्षांकडे पाहिलं. बाईंनी पिशवीतून दोन जर्नल काढली, एक पुस्तिका काढली आणि एक जुनं पत्र. चारही गोष्टी त्यांनी टेबलावर एका ओळीत ठेवल्या. कॅनची हकीकत त्यांनी काकांचं नाव न घेता पाच वाक्यांत सांगितली. वीस जणांनी चुकलेल्या द्रावणातून बरोबर उत्तर कसं काढलं, आणि वीस जणांनी चुकलेलं उत्तर लिहून त्यातून साडेसहाशे मिली कसे शोधले, एवढंच.

कुलसचिवांनी दोन्ही जर्नल पाहिली. ते हिशेबाचे माणूस होते. शेवटच्या आकड्यांचा मुद्दा त्यांना लगेच कळला. "म्हणजे तुमच्या विद्यार्थ्याने मुलांना फसवायला शिकवलं, असं लिहायचं का मी?"

"नाही. तसं लिहू नका. तो उत्तम व्याख्याता आहे, आणि हे त्याने शिकवलेलं नाही."

"मग कोणी?"

बाईंनी पुस्तिका नवव्या पानावर उघडून त्यांच्यापुढे सरकवली. मुखपृष्ठावरचं नाव दोघांनाही ठाऊक होतं. भाषेच्या प्रमुखांनी ते वाक्य दोनदा वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. कुलसचिवांनी पत्र वाचलं, कोपऱ्यातला शेरा वाचला, तारीख वाचली. पुरस्काराच्या कागदांत हे लावायलाच हवं का, असं त्यांनी हळू आवाजात विचारलं. बाईंची निवृत्ती दोन महिन्यांवर आली होती, आणि पुस्तिका अजून सात महाविद्यालयांत चालत होती.

"लावायलाच हवं," बाई म्हणाल्या.

"बरं." त्यांनी पेन उचललं. "मग अध्यक्षांचं मत सांगा. एकदाच सांगा, म्हणजे मला खाडाखोड नको."

बाईंनी हात टेबलावर ठेवले. आवाज त्यांच्या वर्गातल्यासारखाच निघाला, मागच्या बाकापर्यंत जाणारा.

"माझं मत तिसऱ्या मजल्यावरच्या प्रात्यक्षिकाच्या शिक्षिकेला. त्यांची नेमणूक कायम करावी. आणि कारण लिहा: पुस्तिकेतली चूक त्यांनी आठ वर्षांपूर्वी दाखवली होती. ती चूक माझी होती, आणि ते पान मी आजपासून मागे घेते आहे."